खोकला छातीत, मूळ उकिरड्यात

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर आज बरंच बोलून झालं. मी खताबद्दल बोलणार आहे, आणि त्यातल्या एका जंताबद्दल.

खताची गोणी परवडत नाही, तर मिळेल ते घरचं खत रानात टाका, असं मीच गावोगाव सांगत फिरलो. गाईचं, शेळीचं, कोंबडीचं, डुकराचं. डुकराचा जंत मी शेतकी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिला आणि विसरलो. माझा सल्ला अर्धा होता. उरलेला अर्धा आज सांगतो.

डुकराच्या आतड्यात वीतभर लांबीचा, गांडुळासारखा पांढुरका जंत असतो. एक मादी दिवसाला लाख-दोन लाख अंडी घालते. ती विष्ठेतून मातीत पडतात. ताजं अंडं बाधत नाही. ओलाव्यात, सावलीत काही आठवडे राहिलं की आत अळी तयार होते, आणि असं अंडं मातीत वर्षानुवर्षं टिकू शकतं.

न धुतलेल्या मुळ्याबरोबर, कोथिंबिरीबरोबर किंवा मातीच्या हाताने ते पोटात गेलं की अळी बाहेर पडते. आतड्याची भिंत पार करून रक्तातून यकृतात आणि तिथून फुप्फुसात जाते. डुकरात ती पुढे घशात येते, गिळली जाते आणि आतड्यात मोठी होते. माणसात बहुतेक अळ्या वाटेतच मरतात. कधीकधी मात्र माणसातही पूर्ण वाढतात.

तुम्ही म्हणाल, मरतात तर भ्यायचं काय? गोम इथेच आहे. अळी एवढी मोठी असते की रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ती गिळता येत नाही. मग त्यांच्यातल्याच इओसिनोफिल नावाच्या पेशी तिला घेरतात आणि जहाल द्रव्य सोडतात. अळी मरते, पण शेजारचं फुप्फुसही पोळतं. बांधावरचं गवत पेटवावं आणि कडब्याची गंजी जळावी, तशी गत. खोकला, धाप, घरघर सुरू होते. आपण म्हणतो, पोराला दमा झाला.

ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही. कॅनडात माँट्रियलजवळ १९७० साली चार विद्यार्थ्यांच्या पोटात जेवणातून याच जंताची भरपूर अंडी गेली. चौघेही दवाखान्यात गेले. दोघांचा श्वास अडकण्याची वेळ आली. चौघे वाचले. जपानच्या क्युशू बेटावर अशी साथ आल्याची नोंद १९९६ साली झाली; संशय डुकराचं खत घातलेल्या कच्च्या भाजीवर होता. अमेरिकेच्या मेन राज्यात २०१० ते २०१३ या काळात डुकरं पाळणाऱ्या सात छोट्या शेतांवर चौदा जणांना जंत झाले. ही मेनमधली माणसं आपल्यासारखीच शेतावरची.

आणखी एक अडचण. अळी फुप्फुसात असताना शौचाच्या तपासणीत काही दिसत नाही. बोंडअळी बोंडात शिरल्यावर वरून पान बघून कळतं का? तसंच. म्हणून खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, घरी डुकरं आहेत, रानात त्यांचं खत आहे. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी मोजायला सांगा. २०१५ पासून शाळा-अंगणवाडीत वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते, ती मुलांना चुकवू नका. पण ती आतड्यातल्या जंतासाठी आहे. छातीचं दुखणं डॉक्टरांनाच दाखवा.

आता मुख्य काम. कच्चं खत भाजीच्या वाफ्यात घालू नका. ढीग रचा, ओल ठेवा, उलथापालथ करा, म्हणजे बाहेरचा थर आत जाईल. ढिगाच्या पोटात पहार खुपसून ठेवा. काढल्यावर हाताला चांगला चटका बसला पाहिजे. त्या उष्णतेनेच अंडी मरतात. पुरतं न कुजलेलं खत कपाशीला, ज्वारीला वापरायचंच असेल तर पेरणीच्या आधी मातीत गाडा. आणि त्या रानात काम करून भाकरी सोडण्याआधी हात साबणाने धुवा.

शेवटचं. हे ऐकून उद्या कोणी गावातल्या डुकरं पाळणाऱ्या घरांवर धावून जाऊ नका. माणसाचा स्वतःचा जंतही याच्या अगदी जवळच्या जातीचा, आणि तो आपल्याच उघड्यावरच्या शौचाने पसरतो. दोष जनावराचा नाही आणि पाळणाऱ्याचाही नाही. दोष कच्च्या खताचा आहे.

गोणीचं कर्ज चुकवायला आपण घरचं खत धरलं. त्यातून वाचलेला पैसा दवाखान्यात घालायचा नसेल, तर रानात टाकण्याआधी ते कुजवा.