दैवहत राजा : थीब्जचा आणि लखनौचा



पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणलेल्या राजा ओयदिपौसचे भवितव्य जन्मापूर्वीच ठरले होते. ते टाळण्यासाठी उचललेले प्रत्येक पाऊल त्याला विनाशाकडेच घेऊन गेले. गोमती नगरातून नदी ओलांडून कैसरबागेत गेले, की असाच एक राजा आठवतो.

वाजिद अली शाह १८४७ मध्ये गादीवर आला. परंतु अवधचा निकाल १८०१ च्या तहातच लागला होता. जवळजवळ अर्धे राज्य कंपनीने घेतले, फौजही तिचीच राहिली आणि सुशासनाची जबाबदारी मात्र राज्यकर्त्याची! थीब्जला देववाणी होती, इथे तहाची कलमे. सातारा, नागपूर, झाशी येथे औरस वारस नसल्याचे निमित्त झाले. अवधच्या राजाला पुत्र होते. म्हणून कुशासनाचा ठपका.

तो ठुमरीत आणि नृत्यात रमला, हे खरेच; पण तेवढ्याने राज्ये बुडत नसतात. फेब्रुवारी १८५६ मध्ये रेसिडेंट आउट्रमने नवा तह पुढे केला आणि तीन दिवसांची मुदत दिली. राजाने पगडी उतरवून त्याच्या हाती ठेवली. सही मात्र दिली नाही. राज्य खालसा झाले. ओयदिपौसप्रमाणे त्यालाही आपले नगर सोडावे लागले. १८८७ मध्ये कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्ज येथे त्याचे निधन झाले. तहाचा तो कागद कोराच राहिला.