भाड्याच्या यंत्राची काटकसर

काही काळापूर्वी महाराष्ट्राबाहेरील एका जुन्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीस उपस्थित राहण्याचा प्रसंग मला आला. संग्रहालयाने आपल्या साठ हजार ग्रंथांची सूची सभासदांना घरबसल्या पाहता यावी अशी सोय केली होती. ही सूची ‘क्लाउड’वर, म्हणजे दूरच्या एका कंपनीच्या यंत्रागारात भाड्याने घेतलेल्या संगणकावर, ठेवलेली होती. भाडे वाढत होते आणि सूची मात्र रखडत होती. म्हणून याहून मोठे यंत्र घ्यावे व त्यासाठी ग्रंथखरेदीच्या रकमेत कपात करावी, असा ठराव मंडळापुढे आला होता. पुस्तकांची यादी दाखवण्यासाठी पुस्तकेच कमी घ्यावयाची, हा व्यवहार कोणासही रुचत नव्हता. परंतु दुसरा मार्गही दिसत नव्हता.

या भाड्याची रीत प्रथम समजून घेतली पाहिजे. ॲमेझॉनच्या ‘टी३.मायक्रो’ या लहान यंत्राचेच उदाहरण घ्या. त्याच्या खात्यावर दर तासाला १२ श्रेयांक जमा होतात. प्रोसेसर, म्हणजे यंत्रातील आकडेमोड करणारा भाग, एक मिनिट पूर्ण क्षमतेने चालला की त्यांतील एक खर्ची पडतो. अधूनमधून धावपळ करणाऱ्या यंत्राला ही शिदोरी पुरते. अष्टौप्रहर राबणाऱ्याची मात्र ती संपते. मग एकतर त्याची गती रोखली जाते, अथवा जादा आकार द्यावा लागतो.

तेव्हा मोठे यंत्र घेण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न हा की, आहे त्या यंत्राचा वेळ जातो कोठे? संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दाखवले की, आज्ञावलीच्या चार टक्क्यांहूनही कमी भागात सामान्यतः तिचा निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो. तो भाग अंदाजाने सापडत नाही. मोजूनच शोधावा लागतो. ज्या कामाला एकंदर वेळातील पाचच टक्के लागतात, ते अजिबात बंद केले तरी बचत पाच टक्क्यांचीच होणार!

संग्रहालयात अशी मोजणी केली तेव्हा तीन गोष्टी उघडकीस आल्या. पहिली अशी की, ‘नवे ग्रंथ’ हे पान आठवड्यातून एकदाच बदलत असूनही प्रत्येक वाचकासाठी ते नव्याने तयार केले जात होते. ते एकदा तयार करून स्मरणात ठेवले व नवा ग्रंथ दाखल होताच जुनी प्रत टाकून द्यावी अशी व्यवस्था केली. ही दक्षता न घेतल्यास वाचकाला शिळी माहिती मिळते, हे मात्र विसरून चालत नाही.

दुसरी गोष्ट लेखकाच्या नावाने शोध घेण्याची. त्या नावांची अनुक्रमणी नसल्याने प्रत्येक शोधासाठी साठ हजार नोंदी आरंभापासून वाचल्या जात. क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी निम्मा भाग वगळत गेले, तर फार तर १६ तुलनांत नाव सापडते. नवी नोंद करताना अनुक्रमणी राखण्याचे थोडे काम वाढते खरे. पण नोंद एकदा होते आणि शोध शेकडो वेळा.

तिसरी गोष्ट सर्वांत विलक्षण होती. वाचकाने उघडून ठेवलेले पान दर पाच सेकंदांनी ‘पुस्तक परत आले काय?’ असे यंत्राला विचारीत असे. शंभर वाचकांनी पान उघडे ठेवले की तासाला ७२,००० पृच्छा झाल्या! मिनिटाला एकदाच विचारावे असे ठरवताच त्या ६,००० वर आल्या. आणि परत आलेले पुस्तक मिनिटभर उशिरा कळल्याने कोणा वाचकाचे काही अडले नाही.

या तीन दुरुस्त्यांनंतर जुनेच यंत्र पुरे पडू लागले. ठराव मागे घेण्यात आला आणि ग्रंथखरेदीची रक्कम कायम राहिली. संग्रहालयाचे वृद्ध ग्रंथपाल हे सारे शांतपणे ऐकत होते. शेवटी ते एवढेच म्हणाले, “एका पुस्तकासाठी सगळी कपाटे धुंडाळणारा मदतनीस आम्ही आठ दिवसही ठेवला नसता, यंत्राला मात्र कोणी विचारलेच नाही.”

मोठ्या यंत्रासाठी पैसे मोजण्यापूर्वी हा प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.