पहिलं घर : किंमत वेगळी, खर्च वेगळा

(रौप्य महोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. छापण्यासाठी थोडा नीटनेटका केला आहे. आकडे बोललो तेच आहेत.)



मला 'पंचवीस वर्षांच्या आठवणी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण गेल्या दोन वर्षांत आपल्या सोसायटीत वाढलेली पाच-सहा मुलं स्वतःचं पहिलं घर घ्यायला निघाली आहेत. त्यांतली काही कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणून सेक्रेटरींना म्हटलं, आठवणी सांगतो, पण हिशेबासकट सांगतो. सगळी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाकडून तुम्ही दुसरी काय अपेक्षा करणार?

सुरुवात वडिलांपासून करतो. आम्ही नारायण पेठेत वाड्यात दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल उपसलेला मला आठवतो. त्यानंतर गावाबाहेर सहकारी तत्त्वावर वसाहती उभ्या राहू लागल्या. सहकारनगर त्यांतलंच. वडिलांच्या एका मित्रानं त्यांना सोसायटीत नाव घालायचा आग्रह केला. वडील म्हणाले, "एवढ्या लांब कोण जाऊन राहणार?" पुण्यात हे वाक्य बहुतेक प्रत्येक घरात कोणीतरी म्हटलेलं आहे! पण पुढे कळलं की लांब हे कारण नव्हतं. सभासद व्हायला किती, बांधायला किती आणि वरखर्च किती, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचा त्यांना संकोच वाटला होता. माणूस संकोचानं घर घेत नाही. कधीकधी संकोचानं चुकीचं घर घेतो.

आता माझी गोष्ट. बदल्यांमुळे लातूर, सांगली, परत पुणे असं करत सत्तेचाळिसाव्या वर्षी, १९९८ साली, मी या इमारतीत फ्लॅट घेतला. ७५० फूट, ९०० रुपये दर, एकूण ६ लाख ७५ हजार. बँकेचं स्टाफ लोन ५ लाख, प्रॉव्हिडंट फंडातून १ लाख ७५ हजार. झाले ६ लाख ७५ हजार. वरखर्चाला ४० हजार बाजूला ठेवले आणि मी स्वतःवर खूष झालो.

मग एकेक चिठ्ठी येऊ लागली. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी. वकिलाची फी. एमएसईबीचं मीटर आणि डिपॉझिट. सोसायटी स्थापनेचा खर्च, वर्षभराचा मेन्टेनन्स आगाऊ. खिडक्यांना ग्रिल. पंखे, ट्यूब, गीझर. बेरीज झाली ८२ हजार. म्हणजे ४२ हजार कमी पडले.

आणि इथे मी जे केलं ते आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतो. मी आमच्या बँकेतल्या पतपेढीतून ४५ हजारांचं कर्ज काढलं आणि घरी सांगितलं नाही. दिवसभर लोकांना 'सगळे खर्च आधी लिहून आणा' म्हणणारा अधिकारी मी. माझाच हिशेब चुकला हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगू? महिन्याला १,२०० रुपये पगारातून कापले जायचे. 'इन्कम टॅक्स वाढलाय' असं मी सांगायचो. आठ-नऊ महिन्यांनी शर्ट धुवायला टाकताना खिशात पगाराची स्लिप सापडली. ही काही बोलली नाही. ती स्लिप फक्त माझ्या चहाच्या कपाखाली ठेवून दिली. त्या कपातला चहा मी कसा प्यालो ते मलाच ठाऊक. ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे, तिच्या परवानगीनंच हे सांगतोय. पैसे चार वर्षांत फिटले. पण पुढे किती तरी दिवस मी कुठलाही आकडा सांगितला की ती "नक्की?" असं विचारायची. तो "नक्की?" मला व्याजापेक्षा महाग पडला.

म्हणून मुलांनो, माझा पहिला मुद्दा हा की घराची किंमत आणि घराचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत किंमत असते. खर्च आपल्यालाच लिहावा लागतो, आणि तो दोघांनी समोरासमोर बसून लिहावा.

या वर्षी पाडव्याच्या आधी आपल्याच सोसायटीत वाढलेली एक मुलगी नवऱ्याला घेऊन माझ्याकडे आली. मोशीला एका चालू बांधकामात ६० लाखांचा टू बीएचके. पाडव्याची ऑफर, ५१ हजारांत बुकिंग. साठवलेले १५ लाख. "काका, बँक ऐंशी टक्के देते, म्हणजे आम्हाला १२ लाखच लागतील. तीन लाख उरतात की!" मी वही काढली.

बँक ऐंशी टक्के देते हे बरोबर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला नव्वद टक्के, ३० ते ७५ लाखांना ऐंशी आणि त्यावर पंचाहत्तर टक्के ही कमाल मर्यादा आहे. पण ते टक्के घराच्या किमतीवर. एवढ्या किमतीच्या घराला स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी त्यात धरत नाहीत, ती आपल्या खिशातून. म्हणजे ६० लाखांवर कर्ज ४८ लाख, आपले १२ लाख. पुण्यात मेट्रोचा एक टक्का धरून स्टॅम्प ड्युटी ७ टक्के : ४ लाख २० हजार. नोंदणी फी : ३० हजार. बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी ५ टक्के : ३ लाख. बेरीज साडेसात लाख. एकूण हातात हवेत साडेएकोणीस लाख. साडेचार लाख इथेच कमी! अजून बँकेची प्रोसेसिंग फी, गहाणाच्या नोंदीचा खर्च, सोसायटीचा आगाऊ मेन्टेनन्स, आणि पंखे-ट्यूब राहिलेच.

नवरा म्हणाला, "पर्सनल लोन काढू." मी म्हटलं, थांब, पतपेढीची गोष्ट ऐक. आणि तुम्ही आत्ता ऐकलीत ती गोष्ट सांगितली.

मग हप्त्याचा हिशेब केला. ४८ लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण ४१,६५० रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात ३४ हजार व्याजाचे, मुद्दल फिटतं साडेसात हजारांच्या आसपास. वीस वर्षांत बँकेला एकूण जवळजवळ एक कोटी जातात. हे घाबरवायला सांगत नाही. पगार वाढेल तसे मध्ये मध्ये जादा पैसे भरा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही. पण ताबा मिळेपर्यंत चालू घराचं भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही सोबत चालतात, हे कोणी वहीत लिहीत नाही.

पुढच्या रविवारी दोघं परत आली. वारज्यात पंधरा वर्षांच्या इमारतीत ४७ लाखांचा, एक खोली कमी असलेला फ्लॅट बघून आली होती. पुन्हा वही. कर्ज ३७ लाख ६० हजार, आपले ९ लाख ४० हजार. स्टॅम्प ड्युटी ३ लाख २९ हजार, नोंदणी ३० हजार. पूर्ण झालेल्या, महापालिकेचं भोगवटा पत्र मिळालेल्या घराला जीएसटी नाही. ५० लाखांच्या आत असल्यानं एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारीही नाही. सोसायटीची ट्रान्स्फर फी जास्तीत जास्त २५ हजार, एजंटाची दलाली एक टक्का, ४७ हजार. बेरीज १३ लाख ७१ हजार. पंधरात बसलं! गेल्या महिन्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे जाऊन आलो. सोफा अजून आलेला नाही, सतरंजीवर बसून चहा प्यालो. पण त्या घरात कोणी कोणापासून चिठ्ठी लपवलेली नाही.

जुनंच घर घ्या असं माझं म्हणणं मुळीच नाही. नव्याला नव्याचे फायदे आहेत, जुन्याला दुरुस्त्या आहेत. म्हणणं एवढंच की दोन्हींची बेरीज करा आणि मग निवडा.

आता कागद. भाषण लांबतंय, पण हे घरी जाऊन विसरू नका.

नवीन प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि त्यांच्या वेबसाइटवर स्वतः बघा. मंजूर नकाशा, पूर्ण करायची तारीख, कोर्टकज्जे, सगळं तिथे दिसतं. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच विचारा. माझे ७५० फूट फीत लावून मोजले तेव्हा आतून ५६० भरले होते. सासऱ्यांनी दिलेला सोफा जिन्यातून वर आला, पण हॉलमध्ये मावला नाही. तो तीन वर्षं भावाकडे होता.

जुनं घर असेल तर आधीच्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं नाहरकत पत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला बघा. त्यावर आधीच्या मालकाचं कर्ज आहे का, ते विचारा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च घ्या. ही फी वाचवू नका. करारातली रक्कम आणि सरकारच्या रेडी रेकनरची रक्कम, यांतली जी जास्त तिच्यावर स्टॅम्प ड्युटी लागते, तेव्हा तो दरही आधी पाहा. आणि खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर एक टक्का सूट आहे. जावईबापूंनी याचा शांतपणे विचार करावा.

एक प्रश्न मात्र आम्ही कोणीच १९९८ साली विचारला नाही : जमीन सोसायटीच्या नावावर कधी होणार? आपली सोसायटी २००० साली रजिस्टर झाली. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिका कायद्याप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर, त्यानंतर चार महिन्यांत अभिहस्तांतरण व्हायला हवं. चार महिन्यांचं काम चौदा वर्षं राहिलं. नावं घेत नाही, दोष आपलाही होता. किल्ल्या हातात पडल्या, पेढे वाटले आणि फाईल कपाटात गेली. २००८ च्या दुरुस्तीनं मानीव अभिहस्तांतरणाची, ज्याला आपण डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो त्याची, सोय झाली. त्यानंतर आपल्या तेव्हाच्या सेक्रेटरींनी जिल्हा उपनिबंधकांकडे किती चकरा मारल्या ते त्यांच्या स्कूटरला विचारा! २०१४ साली जमीन आपल्या नावावर लागली. तोपर्यंत आपण घराचे मालक होतो आणि घराखालच्या जमिनीचे पाहुणे. उद्या पुनर्विकासाची चर्चा होईल तेव्हा हा एक कागद आपल्या हातात आहे, ही या पंचवीस वर्षांतली सर्वांत मोठी कमाई आहे असं मी मानतो. म्हणून घर बघायला जाल तेव्हा लिफ्ट आणि पार्किंगच्या बरोबरीनं 'कन्व्हेयन्स झालाय का?' हेही विचारा.

ज्येष्ठांसाठी एक. कर्ज फिटलं म्हणजे काम संपलं असं नाही. मूळ कागद परत घ्या आणि गहाणाची नोंद काढून टाका. १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत देणं बंधनकारक आहे, बँकेच्या चुकीनं उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. आणि ते कागद कुठल्या कपाटात आहेत, ते मुलांना सांगून ठेवा. माझे लोखंडी कपाटात, वरच्या खणात, निळ्या फाईलमध्ये आहेत. आता सगळ्या सोसायटीलाच कळलं!

शेवटचं. मी अजून वही ठेवतो. दर रविवारी सकाळी दहा ते बारा घरी असतो. कुठेही टोकन द्यायच्या आधी या. नवरा-बायको दोघांनी या. एकट्यानं आलात तर परत पाठवीन. फी काही नाही, चहा मिळेल. कपाखाली मात्र काही सापडणार नाही, तेवढी खात्री देतो.