मोठे स्पीकर, लहान आवाज

(रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी म्हणाले, आपल्या छंदाबद्दल दहा मिनिटं बोला. माझा छंद आमच्या विंगमध्ये सगळ्यांनी ऐकलेला आहे, काहींनी तर इच्छा नसताना!

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा सौ. म्हणाली, "काहीही करा, पण माझ्या डब्यांचं ऑडिट करू नका." मग मी स्पीकर बनवायला घेतले. लहानपणी चाळीत एकाच घरी मोठा लाकडी रेडिओ होता. त्याच्या आवाजाला जो भरदारपणा होता, तो पुढे घेतलेल्या कुठल्याच छोट्या सेटमध्ये मला मिळाला नाही. तबला ऐकू यायचा, डग्ग्याचा घुमारा नाही.

त्याचं कारण साधं आहे. खालचा सूर काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. सहा इंची पडद्याला ते झेपत नाही. बारा इंची पडद्याचं क्षेत्रफळ त्याच्या चौपट, म्हणून तो थोडाच हलून काम भागवतो. मग खोकं कशाला? तर पडद्याच्या मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाच्या बरोबर उलटा असतो. दोन्ही एकत्र आले की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. खोकं त्यांना वेगळं ठेवतं. त्याला नळी बसवली की रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा खोक्याचा स्वतःचा सूर मदतीला येतो. खोकं किती लिटरचं आणि नळी किती लांब, याचं गणित नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ साली मांडलं. बँकेतल्या माणसाला आकडेमोडीची भीती नव्हती. उत्तर आलं शंभर लिटर.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून वूफर आणले, लोकलमध्ये मांडीवर ठेवून. १८ मिलिमीटर प्लायच्या ८ बाय ४ च्या दोन शीट लागल्या. सुताराने कापून दिल्या, जोडणी मी केली. आतून आडव्या पट्ट्या मारल्या, नाहीतर खोकंच गायला लागतं. नळी म्हणून चार इंची पीव्हीसी पाइप. खोकी झाली पावणेतीन फूट उंच, एकेक तीसेक किलोचं.

लावले, आणि काय? खालचा आवाजच नाही! पंधरा दिवस मी खोकी उघडत होतो, कॉइल बदलत होतो. सौ. काही बोलत नव्हती, ते जास्त लागत होतं. शेवटी चौथ्या मजल्यावरच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, एकाची वायर उलटी नाही ना जोडलीत?" उलटीच होती. एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जात होता. एक डेबिट, एक क्रेडिट, बेरीज शून्य! ३५ वर्षं दुसऱ्यांच्या उलट्या नोंदी पकडल्या, घरची दिसली नाही. तुम्ही कधी जोडलेत तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. अधिकला अधिक लावल्यावर वूफरचा पडदा बाहेर आला पाहिजे.

वायर सुलटी केली आणि भीमसेनजींच्या मागचा तानपुरा, त्याचा खर्ज, घरभर पसरला. मी रोज रात्री अकरापर्यंत ऐकू लागलो.

महिन्याभराने खालच्या मजल्यावरचे चिरंजीव जिन्यात भेटले. संकोचून म्हणाले, "काका, आई रात्री कॉटवर बसून असते. तुमचं गाणं तिला ऐकू येत नाही, नुसते धक्के येतात." मला ते खरं वाटेना. मी गाणं चालू ठेवून त्यांच्या घरी जाऊन बसलो. गाणं नव्हतं, तानपुरा नव्हता. नुसतं धप्, धप्, आणि मांडणीवरची ताटं थरथरत होती. खालचे सूर स्लॅबमधून जातात, वरचे अडतात. मी ज्याला घुमारा म्हणत होतो, तो त्या माउलीच्या उशाला असा पोचत होता. महिनाभर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढले, कारण कोपऱ्यात खालचा आवाज फुगतो. खाली रबर घातलं, त्याने थोडाच फरक पडला. खरा फरक पडला तो आवाजाचं बटण अर्ध्यावर आणल्याने. आणि तेव्हा कळलं, मोठा स्पीकर मोठ्याने वाजवण्यासाठी नसतोच. हळू आवाजातही तो भरलेला वाटतो, हीच त्याची कमाई. कायद्यातली रात्र दहाला सुरू होते. आमच्या घरातली नऊला.

त्या आजी पुढे दर गुरुवारी संध्याकाळी वर येऊन नाट्यसंगीत ऐकत. आज त्या नाहीत, पण गुरुवार चालू आहे. हॉलमध्ये दहा खुर्च्या मावतात, तुम्हीही या. कुणाला स्पीकर बनवायचे असतील तर ड्रिल आणि क्लॅम्प माझ्याकडे आहेत, घेऊन जा. एकच अट, पहिल्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन ऐकून यायचं.

पंचवीस वर्षं एका छपराखाली राहतो आहोत. आपला आवाज दुसऱ्याच्या घरात कसा पोचतो, ते अधूनमधून पाहून यावं, एवढंच सांगून थांबतो.