सोमवारचा तास

आज विद्यापीठातल्या एका गोळीबारावर बोलणार म्हटल्यावर घरातूनच पहिली हरकत आली. "लोक संध्याकाळच्या वाऱ्याला येऊन बसतात, त्यांना गोळीबार कशाला ऐकवता?" हरकत खोटी नाही. पण विषय मी निवडला, त्याला कारण एक दार आहे.

मी तीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' शिकवलं. 17 एप्रिल 2007 ला सकाळी पेपर उघडला तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात आदल्या दिवशी गोळीबार झाल्याची बातमी. पुढे दोन दिवसांत कळलं की मारल्या गेलेल्यांत सॉलिड मेकॅनिक्स शिकवणारे एक प्राध्यापक होते. म्हणजे माझाच विषय! टर्म संपत आली होती, सबमिशनची धावपळ चालू होती. तासाला गेलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वर्गाचं दार नीट पाहिलं. कडी बाहेरून होती. आतल्या बाजूला जिथे कडी असायची तिथे स्क्रूची चार भोकं.

ब्लॅक्सबर्ग हे डोंगराळ भागातलं विद्यापीठाचं गाव. 16 एप्रिल, सोमवार. सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. पोलिसांना वाटलं, आपसातलं भांडण असेल. विद्यापीठाचा पहिला ईमेल निघाला 9 वाजून 26 मिनिटांनी, तोवर नऊचे तास सुरू झाले होते. त्यानंतर पंधरा मिनिटांच्या आतच नॉरिस हॉलमध्ये, बाहेरच्या दारांना आतून साखळ्या घालून, दहा-बारा मिनिटांत तीस जण मारले गेले. एकूण 32. त्यांत 27 विद्यार्थी, 5 शिक्षक. मारेकरी विद्यार्थीच होता, शेवटी त्याने स्वतःलाही संपवलं. त्याचं नाव मी घेणार नाही.

204 नंबरच्या खोलीत लिव्हिउ लिब्रेस्कू शिकवत होते. वय 76. रुमानियातले ज्यू, नाझी काळातून लहानपणी वाचलेले. इस्रायलमध्ये नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा स्मृतिदिन नेमका त्याच दिवशी होता. त्यांनी दार अंगाने रेटून धरलं आणि मुलांना खिडक्यांतून उड्या टाकायला लावल्या. खोली दुसऱ्या मजल्यावर, पण तिकडे तळमजल्यालाच पहिला म्हणतात, म्हणजे आपल्या हिशेबाने पहिला मजला. बहुतेक मुलं वाचली. मुंबईहून वास्तुशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेली एक मुलगी त्याच वर्गात होती. ती वाचली नाही. जवळच 206 मध्ये जलविज्ञान शिकवणारे जी. व्ही. लोगनाथन गेले. तामिळनाडूतल्या गोबीचेट्टीपाळयमचे, आयआयटी कानपूरला शिकलेले. आणि 205 मध्ये? तिथल्या विद्यार्थ्यांनी टेबल दाराला लावलं आणि जमिनीवर पडून ते पायांनी-हातांनी दाबून धरलं. दारातून गोळ्या आल्या. एकालाही लागली नाही.

आता मला जे बोलायचंय ते या दहा मिनिटांबद्दल नाही. शौर्याची गोष्ट आपण लगेच उचलतो, तिचं स्मारक करतो आणि मोकळे होतो. मला त्याच्या आधीची दोन वर्षं आणि नंतरचा एक आठवडा जास्त मोलाचा वाटतो.

2005 मध्ये हा मारेकरी मुलगा कवयित्री निकी जोव्हानी यांच्या वर्गात होता. तो बाकाखालून मोबाइलने मुलींचे फोटो काढी, त्याच्या धाकाने इतर मुलं तासाला यायची थांबली. बाईंनी बजावलं, याला हलवा, नाहीतर मी राजीनामा देते. विभागप्रमुख ल्यूसिंडा रॉय यांनी काय करावं? त्याला वाऱ्यावर न सोडता एकट्याला शिकवायला घेतलं. समुपदेशकाकडे जा म्हणून मागे लागल्या, पोलिसांपर्यंत आणि वरपर्यंत कळवलं. म्हणजे शिक्षकांना दिसत होतं. पण इंग्रजी विभागाचं इंग्रजी विभागात, पोलिसांचं पोलिसांत, समुपदेशनाचं तिसऱ्याच कपाटात. विद्यार्थ्याची माहिती खासगी ठेवणारा कायदा आहे, तो प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कडक समजून जो तो गप्प बसला. हे गव्हर्नरांनी नेमलेल्या समितीने ऑगस्ट 2007 च्या अहवालात लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी राज्याने कायदाच केला की प्रत्येक सरकारी विद्यापीठात या नोंदी एका टेबलावर आणणारा गट असलाच पाहिजे.

रॉयबाईंचं वाचताना मला माझा एक विद्यार्थी आठवतो. शेवटच्या बाकावर बसायचा, अख्ख्या टर्ममध्ये कुणाशी बोलला नाही. मी काय केलं? हजेरीपटावर लाल शाईने 'डिटेन' लिहिलं. ऑफिसने घरी छापील पत्र धाडलं. त्या मुलाच्या हातून काही वाईट झालं नाही, पण त्यात माझं काडीचंही कर्तृत्व नाही.

मग तो आठवडा. मंगळवारी मोठी सभा झाली, राष्ट्राध्यक्ष बुश आले, शेवटी जोव्हानीच बोलल्या. सगळ्या जगाने ते पाहिलं. पण सोमवारी, 23 एप्रिलला, पुन्हा तास भरले तेव्हा कॅमेऱ्यांना दाखवण्यासारखं फारसं नव्हतं. विद्यापीठाने मुलांना मुभा दिली होती. सोळा तारखेपर्यंत केलेल्या कामावर गुण घ्या आणि घरी जा, किंवा येऊन उरलेलं पूर्ण करा. आपल्याकडे असं झालं असतं तर आधी परिपत्रक, मग शुद्धिपत्रक आणि शेवटी परीक्षा पुढे ढकलल्याची नोटीस! तिथे निर्णय विद्यार्थ्याच्या हातात ठेवला. आणि ज्यांना जायची मोकळीक होती त्यांतले पुष्कळ जण त्या सोमवारी वर्गात येऊन बसले. अशा तासाला काय शिकवायचं, हे बीएडलाही कुणी सांगत नाही. मला वाटतं, मी हजेरी घेतली नसती. एका नावाला 'हजर' आलं नाही तर पुढचं नाव कसं घ्यायचं?

विद्यार्थ्यांनी स्वतःहून आणखी एक गोष्ट केली. तिथल्या इमारती ज्या करड्या दगडाच्या आहेत, त्याचे 32 दगड मैदानाच्या कडेला अर्धगोलात मांडले. एका विद्यार्थिनीने शेजारी तेहतिसावा ठेवला, मारेकऱ्यासाठी. तो नाहीसा झाला. तिने पुन्हा ठेवला. यावर माझं मत दोनदा बदललंय आणि आज तुमच्यासमोर ते पक्कं आहे असं म्हणणार नाही. पक्कं स्मारक झालं, त्यात 32 च आहेत.

अशा गोळीबारानंतर काय करायचं, याची दुसरी तऱ्हा टेक्ससची. ऑस्टिनच्या विद्यापीठात 1 ऑगस्ट 1966 ला मनोऱ्यावरून गोळीबार झाला होता. बरोबर पन्नास वर्षांनी, त्याच तारखेला, परवानाधारकाला विद्यापीठात पिस्तूल लपवून आणू देणारा कायदा लागू झाला. तीन प्राध्यापिका कोर्टात गेल्या, हरल्या. ह्यूस्टनला प्राध्यापकांच्या बैठकीत सूचना निघाली की नाजूक विषय जपून काढा. गोळी न सुटताही अभ्यासक्रम बदलतो तो असा.

व्हर्जिनिया टेकने वर्गांना आतून लागणारी कुलपं बसवली. मी आमच्या कॉलेजात मे 2007 मध्ये कडीसाठी अर्ज दिला होता. निवृत्त झालो तेव्हाही दारावर ती चार भोकंच होती.

नॉरिस हॉलमध्ये त्या सकाळी फ्रेंच शिकवणाऱ्या बाई गेल्या. त्यांचे यजमान त्याच विद्यापीठात उद्यानविद्येचे विभागप्रमुख होते. हयात रोपांत गेलेला माणूस. इमारतीच्या ज्या बाजूला हे घडलं ती पाडावी की ठेवावी, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी तिथे शांतता-अभ्यास आणि हिंसा-प्रतिबंधाचं केंद्र काढलं, आणि त्याचे पहिले संचालक म्हणून हे गृहस्थ आपला विभाग सोडून आले. बायको ज्या मजल्यावर शेवटचा तास घेत होती, त्याच मजल्यावर ते रोज कामाला जाऊ लागले.