परवाना मुलाचा, परीक्षा घराची



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका वृद्ध स्नेह्यांनी मला वाटेत गाठून विचारले, "अहो, वसंत व्याख्यानमालेत बंदुकीचे काय काम?" मी त्यांना म्हणालो, मी बंदुकीविषयी थोडे आणि एका सहीविषयी पुष्कळ बोलणार आहे. ही सही बापाची किंवा आईची असते आणि ती मुलाच्या अर्जाखाली केलेली असते. अशा सह्या आपण सगळेच करतो. प्रगतिपुस्तकावर करतो, सहलीच्या पत्रकावर करतो. सही करताना आपण काय लिहून देतो याचा विचार मात्र क्वचितच करतो. तो विचार करायला लावणारे एक उदाहरण मला कॅनडात सापडले, म्हणून आपल्याला इतक्या दूर नेत आहे.

कॅनडा हा देश विस्ताराने प्रचंड आणि वस्तीने विरळ. तेथे रानात हरणाची आणि पाणपक्ष्यांची शिकार करणे हे अनेक कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. उत्तरेकडच्या आदिवासी जमातींत तर शिकार हा पोटाचा प्रश्न आहे. तेव्हा बाप आपल्या मुलाला बंदूक चालवायला शिकवतो, यात तेथे कोणाला नवल वाटत नाही. असा बाप आणि त्याची चौदा वर्षांची मुलगी एकाच वेळी परवान्यासाठी अर्ज करू शकतात. बाप मोठ्यांच्या परवान्यासाठी, मुलगी अल्पवयीनांच्या परवान्यासाठी. हा अल्पवयीनांचा परवाना 12 ते 17 वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. कुटुंबाचा निर्वाह शिकारीवर असेल, तर बाराच्या आतल्या मुलालाही तो मिळू शकतो.

या दोघांना आधी शाळेत जावे लागते. शस्त्रसुरक्षेचा एक अभ्यासक्रम आहे. तो संपल्यावर एक लेखी आणि एक प्रत्यक्ष, अशा दोन परीक्षा होतात. दोहोंत शेकडा 80 गुण मिळवावे लागतात. मुलगी लहान म्हणून तिला सवलत नाही, आणि बापाने वीस वर्षे रान तुडवले म्हणून त्यालाही सवलत नाही. तेथे पहिला धडा असा, की हातात येणारी प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. दुसरा, नळीचे तोंड सदैव सुरक्षित दिशेला असावे. तिसरा, चापावर आणि चापाच्या कड्यात बोट जाऊ देऊ नये. चौथा, बंदूक रिकामी आहे असे कोणी सांगितले तरी आपल्या हाताने उघडून, आपल्या डोळ्यांनी पाहावे. या चौथ्या धड्याची मला मोठी गंमत वाटते. बापाने "रिकामी आहे" म्हणून बंदूक मुलीच्या हाती दिली, तरी मुलीने ती तपासायचीच. त्यात बापाचा अपमान नाही. बापाच्या शब्दावर विसंबून न राहणे हेच तेथे आज्ञाधारकपणाचे लक्षण ठरते!

परीक्षा झाली की अर्ज येतो. बापाच्या अर्जातले प्रश्न ऐकण्यासारखे आहेत. आत्महत्येचा प्रयत्न केला होता काय, किंवा तशी धमकी दिली होती काय? नैराश्यासाठी, दारूच्या किंवा औषधांच्या व्यसनासाठी उपचार घेतले काय? गेल्या दोन वर्षांत घटस्फोट झाला काय, नोकरी गेली काय, दिवाळे निघाले काय? घरात पत्नी असेल, तर तिच्या सहीसाठी अर्जात जागा असते. ती सही नसली, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने तिला या अर्जाची वर्दी द्यायची असते. दोन वर्षांच्या आत विभक्त झालेल्या पत्नीच्या बाबतीतही तसेच. पहिल्याच परवान्याला निदान 28 दिवस थांबावे लागते. रागाच्या किंवा निराशेच्या भरात आलेला माणूस अठ्ठावीस दिवसांत पुष्कळदा भानावर येतो.

हे प्रश्न असे बोचरे का झाले, याला इतिहास आहे. 1989 च्या 6 डिसेंबरला माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एक तरुण बंदूक घेऊन शिरला आणि त्याने चौदा स्त्रियांना ठार केले. त्याची बंदूक चोरीची नव्हती. ती कायदेशीर मार्गाने विकत घेतलेली होती. त्या घटनेनंतर जे विचारमंथन झाले, त्यातून 1995 चा शस्त्र कायदा आला. शस्त्र कोणाच्या हाती जाते एवढेच पाहून भागत नाही, तो हात कोणत्या घरातून आणि कोणत्या मनःस्थितीतून पुढे आला आहे हेही पाहिले पाहिजे, हे त्या राष्ट्राला चौदा चितांच्या उजेडात दिसले.

आता मुलीच्या अर्जाकडे वळू. त्यावर आईची किंवा वडिलांची संमती हवी. ती मिळाली आणि परवाना आला, तरी मुलीला काय मिळते? तिला बंदूक विकत घेता येत नाही. कोणी भेट म्हणून दिली तरी ती तिच्या मालकीची होत नाही. नेमबाजीचा सराव, स्पर्धा, शिकार, शिक्षण अशा कामांसाठी साधी रायफल किंवा छर्ऱ्याची बंदूक तिला उसनी घेता येते, एवढेच. त्या शस्त्राची जबाबदारी परवानाधारक प्रौढाचीच राहते. घरी बंदूक रिकामी करून कुलपात किंवा चापाला कुलूप लावून ठेवायची. काडतुसे सहज हाती लागणार नाहीत अशी ठेवायची. अठरावा वाढदिवस आला, की हा परवाना संपतो आणि तिला मोठ्या माणसांच्या परवान्याच्या रांगेत उभे राहावे लागते.

म्हणजे परवान्यावर नाव मुलीचे असले, तरी परीक्षा घराची झालेली असते. सरकारी अधिकाऱ्याला गुन्ह्यांची नोंद पाहता येते. मुलगी गेले महिनाभर नीट जेवत नाही, मैत्रिणींशी बोलत नाही, रात्री जागी असते, हे त्याला कोणत्या दप्तरात सापडणार? ते आईला माहीत असते. संमतीची सही म्हणजे आईबापांची साक्ष आहे. "मी या मुलाच्या मनात डोकावून पाहिले आहे आणि किल्ली मी सांभाळीन," असे ते त्या रेघेवर लिहून देतात. जो सही देऊ शकतो तो ती नाकारूही शकतो. वेळ आली असता नाकारण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नाही, त्याच्या सहीला किंमत नाही.

ही साक्ष जेथे कोणी मागितलीच नाही, तेथे काय झाले तेही सांगतो. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात ऑक्सफर्ड गावच्या शाळेत पंधरा वर्षांच्या एका मुलाने चार विद्यार्थ्यांचे प्राण घेतले. ते पिस्तूल त्याच्या वडिलांनी अवघ्या चारच दिवसांपूर्वी विकत घेतले होते. घटनेच्या दिवशी सकाळी त्याने काढलेली भयंकर चित्रे पाहून शाळेने आईवडिलांना बोलावले होते. ते आले, आणि त्याला घरी न नेता परत गेले. 2024 मध्ये न्यायालयाने आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरून प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा दिली. सही आधी मागितली नाही, म्हणून जबाबदारी टळली नाही. ती चार मृत्यूंनंतर न्यायालयात वसूल झाली.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोरकट नाहीत. पहिला असा, की हे सगळे कागद सज्जनच भरतात. एप्रिल 2020 मध्ये कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतात एका माणसाने 22 जणांचा बळी घेतला. त्याच्याकडे परवाना नव्हता आणि त्याची बहुतेक शस्त्रे अमेरिकेतून चोरून आणलेली होती. हे खरे आहे. चोर कुलूप फोडतो, म्हणून आपण दाराला कुलूप लावायचे सोडत नाही, एवढेच माझे उत्तर. शिवाय घरातले मूल चोर नसते. त्याला घरातले कुलूप पुरते. दुसरा आक्षेप असा, की मुलाच्या हाती शस्त्र द्यावेच कशाला? जेथे बंदूक घरात आहेच, तेथे ती फडताळात लपवून मुलाचे कुतूहल वाढवण्यापेक्षा, उजेडात, शिस्तीने, मोठ्यांच्या देखत शिकवावी हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जेथे ती घरात नाही, तेथे ती आणावी असे मी मुळीच म्हणत नाही.

आपल्याकडे काय आहे? इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने आपली शस्त्रे काढून घेतली, तो सल एवढा खोल होता, की 1931 च्या कराची काँग्रेसने नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत मागितला होता. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला. त्यात वयाची अट आरंभी सोळा वर्षांची होती. 1983 मध्ये ती एकवीस झाली. एकविसाच्या आतल्या मुलाला शस्त्र चालवता येते ते नेमबाजीच्या शिक्षणापुरते, ठरलेल्या अटींवर. त्या वाटेने आपली मुले किती दूर गेली पाहा! 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पंधरा वर्षांच्या अनीश भानवालाने सुवर्णपदक मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेतले. शस्त्र आणि शिस्त यांची गाठ लहानपणी पडू शकते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

कोकणात शेतीच्या राखणीसाठी बंदुकीचे परवाने आहेत. माकडे आणि रानडुकरे पीक ठेवत नाहीत, म्हणून तो परवाना घ्यावा लागतो. परवाना घरच्या कर्त्याच्या नावावर असतो. दसऱ्याला त्या बंदुकीला झेंडूचे फूल वाहिले जाते आणि सारे घर नमस्कार करते. पण किल्ली कोठे असते, आणि ती घरातल्या कोणाकोणाला ठाऊक आहे, हा प्रश्न पूजेच्या दिवशी तरी कोणी विचारावा.

"आमच्या घरी बंदूक नाही," असे आपल्यापैकी बहुतेक जण मनात म्हणत असतील. बरोबर आहे. पण मोटारसायकल आहे, मोटार आहे, आणि तिची किल्ली खुंटीवर आहे. सोळा वर्षांच्या मुलाला बिनगिअरच्या लहान गाडीचा परवाना हवा असेल, तर आपला कायदाही पालकांची लेखी संमती मागतो. 2019 च्या दुरुस्तीने, अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड ठेवला आहे. ही तरतूद आली, कारण आपण सही करताना कागद वाचत नव्हतो, आणि कित्येकदा सहीवाचूनच किल्ली देत होतो. "सगळ्यांची मुले चालवतात," एवढ्या एका वाक्यावर आपण किल्ली दिली आहे. मी स्वतःला यातून वगळत नाही.

कॅनडातला तो बाप आणि त्याची मुलगी एका बाकावर बसून परीक्षा देतात. त्यात मुलगी पास होऊन बाप नापास होण्याचाही संभव असतो. मला ते चित्र आवडते, कारण त्यात मुलीला दिसते, की नियम बापालाही लागू आहे. मुलाला जबाबदारी देण्यापूर्वी त्याच बाकावर आपण बसून पाहावे. मग सही करावी किंवा करू नये, पण कागद वाचून करावी. एवढेच सांगण्यासाठी आपल्याला इतक्या लांबच्या प्रवासाला नेले.