फॉरमॅट मारण्याआधी

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



घरचा संगणक काम करता करता अचानक काळा पडतो आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतो. दुकानात नेला की बहुतेक वेळा एकच उपाय सुचवला जातो, 'फॉरमॅट मारू'. माझा त्याला विरोध आहे. दोष विजेचा असेल तर फॉरमॅटने फोटो आणि हिशेब जातात, दोष मात्र राहतो. आधी शोधायचं ते एवढंच, की यंत्राने स्वतःहून रीस्टार्ट घेतला की त्याची वीज तुटली?

गंभीर चूक झाली की विंडोज ती सांगणारा पडदा दाखवते आणि लगेच रीस्टार्ट घेते. तशी सोय कारखान्यातूनच चालू असते, त्यामुळे पडदा वाचायलाही मिळत नाही. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्ज उघडून 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढा. मग पडदा थांबून राहील, त्याचा फोनवर फोटो काढा. दर वेळी वेगळीच चूक दिसत असेल तर रॅमवर संशय घ्यावा. एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर तो ड्रायव्हर बदलावा. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दाते खोडरबराने पुसायची आपल्याकडची पद्धत हसण्यावारी नेऊ नका. दात्यांवर मळ बसलेला असेल तर तिने काम होतं. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून यंत्र चालवून पाहा.

खूण काढूनही पडदा येत नसेल, यंत्र खटकन तुटत असेल, तर विजेकडे वळा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर 41' अशी नोंद सापडते आणि 'पॉवर' वाचून लोक तडक नवा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, आणतात. ती नोंद यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर केलेली असते. मागचं सत्र नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. कारण सांगत नाही.

तरीही एसएमपीएसवरचा संशय पुष्कळदा खरा ठरतो. आपल्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं असतं. वीज क्षणभर गेली तर चांगला एसएमपीएस साधारण तेवढाच वेळ, 16-17 मिलिसेकंद, आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर मदरबोर्डला सांभाळतो आणि तेवढ्यात यूपीएसने भार उचलायचा असतो. वर्षांगणिक, विशेषतः उष्णतेने, कपॅसिटर निकामी होत जातात आणि ही मुदत घटते. मग दिवा नुसता लुकलुकला तरी यंत्र रीस्टार्ट होतं. यूपीएसची बॅटरीही दोन-तीन वर्षांत थकते. म्हणून आधी यूपीएस वगळून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवा, मग ओळखीच्या कुणाचा एसएमपीएस लावून पाहा. टायपिंग करताना काही होत नाही आणि गेम लावला की तुटतं, तर ग्राफिक्स कार्डाची भूक एसएमपीएसला झेपत नाही असं समजा. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर झटका देऊ शकतात.

कॅबिनेटचं रीसेटचं बटणही कधी अडकतं. त्याची वायर मदरबोर्डवरून काढून पाहायला पैसे पडत नाहीत!

उष्णतेची खूण वेगळी. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग घटवतो, पंखा ओरडतो आणि तरीही भागलं नाही तर यंत्र बंद पडतं, बहुधा बंदच राहतं. हीटसिंकमधली धूळ काढा, थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावा.

दोष सॉफ्टवेअरचा असला तरी फॉरमॅट हे उत्तर नसतं, याचे दोन दाखले आहेत. ऑगस्ट 2003 मध्ये 'ब्लास्टर' या वर्मने विंडोज एक्सपीची यंत्रं साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून रीस्टार्ट केली. फॉरमॅट करून, पॅच न लावता इंटरनेट जोडलं की पुन्हा लागण. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे 85 लाख यंत्रं कोसळली, ती बहुतांश कार्यालयांतली. तिथे सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढणं पुरेसं होतं.

तेव्हा विनंती अशी, की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कधी, काय चालू असताना यंत्र तुटलं ते वहीत लिहा. दुकानात यंत्राबरोबर ती वही आणि पडद्याचा फोटोही न्या, आणि 'फॉरमॅट मारू' असं ऐकलंत की 'दुसरा एसएमपीएस लावून पाहिलात का?' हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.